देवाचा कोप आणि देवाचे दुःख

पवित्र शास्त्रातील ज्या कथा आपल्या घरोघरी सर्वाधिक सांगितल्या जातात, त्यांत नोहाच्या तारवाची कथा अग्रभागी आहे. मराठी भाषकांना तर ती फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या करारातील कथांचे निरूपण असल्यामुळे ओवीबद्ध मराठीतून जलप्रलय ऐकण्याची परंपरा चार शतकांची आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील चित्रांमुळे तारू, प्राण्यांच्या जोड्या, कबुतर आणि जैतुनाची डहाळी लहानग्यांच्याही परिचयाची झाली आहेत. मात्र अतिपरिचयाने एक गोष्ट घडते. कथा आपण ऐकेनासे होतो व तिच्याविषयी आपल्या मनात आधीच जे ठरलेले असते, तेवढेच ऐकतो. जलप्रलय का झाला, असे कोणासही विचारावे. उत्तर ठरलेले आहे. माणसे पापी झाली, देव कोपला, त्याने पाऊस पाडला.

ह्या उत्तरातील मधला शब्द मूळ कथेत नाही, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायापासून जलप्रलयाची कथा संपेपर्यंत हिब्रू भाषेतील क्रोधवाचक शब्द, आणि ते त्या भाषेत विपुल आहेत, एकदाही आलेला नाही. जेथे तो यावा अशी आपली अपेक्षा असते, नेमक्या त्या ठिकाणी, सहाव्या अध्यायाच्या सहाव्या वचनात, दोन निराळी क्रियापदे आहेत. पहिल्याचा धातू ‘नाहम’. त्याच्या अर्थात खेद, मन पालटणे, हळहळ आणि सांत्वन ही सर्व येतात. दुसऱ्याचा धातू ‘आत्साब’ म्हणजे वेदना, जिव्हारी लागलेले दुःख. परमेश्वर मनुष्याकडे पाहतो आणि जे दिसते त्याने त्याच्या हृदयात कळ उठते, एवढेच लेखक सांगतो.

हा दुसरा शब्द लेखकाने कोठून आणला, हे पाहण्यासारखे आहे. तिसऱ्या अध्यायात हव्वेला प्रसूतीच्या वेदनांविषयी व आदामाला जमिनीवर करावयाच्या काबाडकष्टांविषयी जे सांगितले जाते, तेथे ह्याच धातूपासून बनलेले नाम आहे. पुढे पाचव्या अध्यायाच्या शेवटी लामेखला पुत्र होतो. शापित भूमीवर राबणाऱ्या आपल्या हातांच्या कष्टांतून हा मुलगा आपल्याला दिलासा देईल, अशी आशा बाळगून तो त्याचे नाव नोहा ठेवतो. त्या वचनात दिलासा देणे म्हणजे ‘नाहम’ आहे, कष्टांसाठी ‘आत्साब’चे नाम आहे आणि करणे, घडविणे ह्या अर्थाचा तिसरा धातूही आहे. नऊच वचनांनंतर, वर सांगितलेल्या ठिकाणी, हे तिन्ही धातू त्याच क्रमाने पुन्हा येतात. परंतु आता कर्ता परमेश्वर आहे. मनुष्याला घडविले ह्याची त्याला हळहळ वाटते आणि त्याच्या हृदयाला वेदना होते. हा योगायोग नसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. हव्वेला ज्या शब्दाने कळा सांगितल्या आणि आदामाला घाम सांगितला, त्याच शब्दाने देवाचे दुःख सांगितले आहे. शाप उच्चारणारा त्या शापाच्या बाहेर उभा राहिलेला नाही.

‘हृदय’ ह्या शब्दाचीही अशीच योजना आहे. पाचव्या वचनात मनुष्याच्या हृदयातील प्रत्येक बेत दुष्ट असल्याचे सांगितले जाते व सहाव्यात देवाचे हृदय दुखावते. एका हृदयातील विष दुसऱ्या हृदयात कळ होऊन उतरते. मराठीत आपण ‘जीव तुटला’ म्हणतो, तो अर्थ येथे फार जवळचा आहे. ‘पश्चात्ताप’ म्हटले की मात्र आपल्यासमोर पापनिवेदनाचे आसन उभे राहते आणि मग देवाने कोणते पाप केले, असा निरर्थक प्रश्न वाचकास पडतो.

मग ही दुष्टता होती तरी कोणती? ह्याविषयी प्रवचनकारांची कल्पनाशक्ती फार धावते. कथा मात्र ज्या एका पापाचे नाव घेऊन पृथ्वी त्याने भरली होती असे सांगते, ते पाप म्हणजे हिंसा, बलवंताने दुर्बलावर केलेली जबरदस्ती. त्याच अध्यायाच्या अकराव्यापासून तेराव्या वचनापर्यंत ‘शाहात’ म्हणजे नासणे, नाश करणे हा धातू वारंवार योजला आहे. पृथ्वी नासली होती, मनुष्यांनी आपली चालचर्या नासविली होती आणि म्हणून देव त्यांचा नाश करणार, अशी ती रचना आहे. शब्द एकच असल्यामुळे ध्वनित होते ते असे की, देवाने बाहेरून काही नवीन संकट आणले नाही. माणसांनी जे नासविले होते तेच त्यांच्यावर पूर्णत्वास गेले. हा भाग दुःखाच्या वचनाहून निराळ्या परंपरेतील आहे, असे अभ्यासक मानतात. ते खरे असले तरी दोन्ही परंपरा एकत्र विणणाऱ्या संपादकास त्यांत विसंगती दिसली नाही, हेही तितकेच खरे.

ह्या कथेचे वेगळेपण कळण्यास बाबिलोनच्या जलप्रलयकथेशी तुलना उपयोगी पडते. ३ डिसेंबर १८७२ रोजी जॉर्ज स्मिथ ह्या विद्वानाने लंडनमधील एका सभेत, निनवे येथील मृत्तिकाफलकांवर आपल्याला जलप्रलयाची कथा आढळल्याचे जाहीर केले, तेव्हा मोठीच खळबळ उडाली होती. तारू, पक्षी सोडणे, पाणी ओसरल्यावरचा यज्ञ हे सारे तेथे आहे. म्हणून काहींनी घाईने निष्कर्ष काढला की बायबलची कथा उसनी आहे. कथानक त्या प्रदेशात सर्वांचेच होते, हे मान्य करण्यास आपल्याला काहीच अडचण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली पवित्र शास्त्रातील साहित्यप्रकार ओळखून ते वाचावयास आपल्याला शिकविलेच आहे. प्रश्न आहे तो समान कथानकातून कोण काय सांगतो हा. ‘अत्राहासिस’ नावाच्या जुन्या बाबिलोनी काव्यात मनुष्यजात वाढली, तिचा गोंगाट वाढला आणि एन्लील देवाची झोपमोड होऊ लागली, म्हणून तो पूर आणतो. पुढे काही देवांना, विशेषतः मातृदेवतेस, शोक होतो. तो शोक काव्यदृष्ट्या हृदयस्पर्शीही आहे. परंतु त्याच वेळी देव उपाशी आहेत, कारण नैवेद्य वाहणारी माणसे उरलेली नाहीत. आणि यज्ञाचा वास येताच ते माश्यांप्रमाणे भोवती जमतात. तेथील दुःखात गरज मिसळलेली आहे. इस्राएलच्या देवाला माणसांच्या नैवेद्याची भूक नाही, त्याची झोप मोडलेली नाही. त्याने जे निर्माण केले ते परस्परांना फाडून खाऊ लागले, ह्याचे त्याला दुःख आहे.

आता एक आक्षेप आपण टाळता कामा नये. देव रडत होता, ह्याने बुडणाऱ्यांचे काय झाले? मारताना रडणारा बाप न रडणाऱ्याहून चांगला असतोच असे नाही. पुष्कळदा तो अधिक भीतिदायक असतो. तान्ही मुले आणि मुकी जनावरे ह्यांचा हिंसेत वाटा तो काय होता? कथेत ह्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस सापडत नाही आणि ओढूनताणून ते काढणे प्रामाणिकपणाचे नव्हे. एवढे मात्र दिसते की, हा प्रश्न कथेच्या स्वतःच्या मनातही आहे. आठव्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात परमेश्वर पुन्हा आपल्या हृदयाशी बोलतो. मनुष्याचे मन बालपणापासून दुष्टतेकडे झुकलेले आहे, असे तो म्हणतो. सहाव्या अध्यायात ज्या कारणास्तव न्यायदंड उगारला, तेच हे कारण. परंतु आता निष्कर्ष उलटा आहे. मनुष्य असा आहे म्हणूनच पुन्हा कधी हे करावयाचे नाही. जलप्रलयाने मनुष्य सुधारला, असे लेखक म्हणत नाही. नोहा तारवातून उतरल्यावर द्राक्षमळा लावून नशेत पडतो, हे सांगण्यासही तो कचरत नाही. पालटते ते देवाचे मनुष्याशी वागणे. त्याची खूण म्हणून ढगांत जे ठेवले जाते, त्यास हिब्रूत ‘केशेत’ म्हणतात. हा योद्ध्याच्या धनुष्याचाच शब्द आहे. इंग्रजीत तो पावसाचा बाक होऊन बसला आहे. आपल्या ‘इंद्रधनुष्या’त इंद्र परका असला तरी धनुष्य सुदैवाने शाबूत आहे.

मग क्रोध आला कोठून? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील यहुद्यांनी नियमशास्त्राचे ग्रीक भाषांतर केले. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या त्या नगरीत दुःखी देव ही कल्पना रुचणारी नव्हती. म्हणून सहाव्या वचनातील दोन्ही क्रियापदे सौम्य झाली. देवाने मनाशी विचार केला व चिंतन केले, असा अर्थ तेथे उरला. सातव्या वचनात तर त्या भाषांतराच्या एका प्रचलित पाठात ‘मला खेद होतो’ ह्या जागी ‘मला क्रोध आला’ ह्या अर्थाचे क्रियापद आहे. अलेक्झांड्रियाचाच तत्त्वज्ञ फिलो ह्याच्यासमोर हा पाठ होता व देवाच्या अविकारित्वावरील आपल्या प्रबंधात त्याने त्याची विस्तृत चर्चा केली. गंमत अशी, की देवाला दुःख शोभत नाही म्हणणाऱ्यांच्या हाती शेवटी उरला तो क्रोध! संत जेरोमने लॅटिन भाषांतर करताना हिब्रूकडे परत जाऊन अंतःकरणातील दुःख परत आणले, परंतु लोकमानसात कोपाने ठाण मांडले ते कायमचे.

येथे धर्मसिद्धान्ताचा प्रश्न उपस्थित होतो. देव अविकारी आहे, अशी ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० साली ती पुन्हा घोषित केली. संत ऑगस्टीन सांगतात की देवाच्या क्रोधाविषयी शास्त्र बोलते, तेव्हा त्याच्या मनाची खळबळ अभिप्रेत नसून न्याय अभिप्रेत असतो. संत थॉमस ह्यांच्या मते दया देवाच्या ठायी विकार म्हणून नव्हे, तर कृती म्हणून असते. सेमिनरीत हे सर्व शिकलेल्या आमच्यासारख्यांना उत्पत्तीचे ते वचन अडचणीचे वाटणे स्वाभाविक आहे. ‘हे मानवी भाषेत बोलणे आहे’ असे म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पण मग देवाविषयी दुसऱ्या कोणत्या भाषेत बोलता येते? ‘न्याय’ हाही मानवी भाषेतलाच शब्द आहे. तो ठेवावयाचा आणि ‘दुःख’ तेवढे अलंकार म्हणून बाजूस सारावयाचे, हा पक्षपात झाला. आमच्या मते अविकारित्वाचा सिद्धान्त व ही कथा ह्यांचा रोख एकाच शत्रूवर आहे, तो म्हणजे एन्लील. लहरी, झोपमोड झाली म्हणून चिडणारा, भूक लागली की हळवा होणारा देव दोघांनीही नाकारला. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड ह्यांनी हा पेच सुरेख सोडविला आहे. देव दुःखाधीन नाही, पण दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होण्यास तो असमर्थही नाही, असे त्यांनी म्हटले. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८६ सालच्या पवित्र आत्म्यावरील परिपत्रकात पापामुळे देवपित्याला होणाऱ्या अवर्णनीय वेदनेचा निर्देश केला आहे. यहुदी पंडित अब्राहम हेशेल ह्यांनी तर १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या संदेष्ट्यांवरील ग्रंथात, देवाची ही भावव्याकुळता हेच संदेष्ट्यांच्या वाणीचे मर्म असल्याचे प्रतिपादन केले. हेशेल ह्यांची आई व बहिणी नाझींच्या अत्याचारात बळी पडल्या होत्या. देवाच्या दुःखाविषयीचा त्यांचा आग्रह ही नुसती ग्रंथालयातील चर्चा नव्हती.

संदेष्ट्यांकडे वळलो की हा विषय अधिकच गडद होतो. होशेय हा इसवी सनापूर्वी आठव्या शतकात उत्तरेकडील राज्यात झाला. त्याच्या अकराव्या अध्यायात देव एफ्राईमविषयी बोलतो, ते बोबड्या पावलांनी चालणाऱ्या मुलाविषयी बोलावे तसे. मधल्या वचनांत तलवार आहे, अश्शूरची गुलामी आहे. आणि मग आठव्या वचनात बोलता बोलता त्याचा स्वर मोडतो. तुला मी अदमासारखे कसे करू, सबोईमसारखे कसे करू, अशा अर्थाचे ते उद्गार आहेत. अदमा व सबोईम ही सदोम-गमोऱ्याबरोबर नष्ट झालेली नगरे. त्या नगरांची उलथापालथ सांगण्यास शास्त्र ‘हाफाख’ हे क्रियापद वापरते. होशेय तेच क्रियापद घेतो आणि म्हणतो की ती उलथापालथ देवाच्या अंतःकरणात झाली. नगर उलथावयाचे ते हृदय उलथले. मराठीत ‘पोटात कालवाकालव होणे’ हा जो वाक्प्रचार आहे, तो येथे चपखल बसतो. ह्याच ओळीत पुढे कळवळ्यासाठी आलेले नाम ‘नाहम’ धातूचे आहे. जलप्रलयाच्या कथेत ज्या धातूने न्यायदंड सुरू झाला, त्याच धातूने येथे तो थांबतो. आपण मनुष्य नव्हे, देव आहोत, हे कारण देव स्वतःच देतो. म्हणजे माणसाप्रमाणे सूड घेणे हे त्याच्या देवपणास शोभणारे नाही.

तरीही शोमरोन इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास पडलेच. होशेयच्या तेराव्या अध्यायात देव सिंह, चित्ता आणि अस्वल होऊन येतो. पण त्या अस्वलाकडे नीट पाहावे; ती पिल्ले हिरावून घेतलेली अस्वलीण आहे. संदेष्ट्याला क्रोधासाठी जी उपमा सुचली, तीही वियोगातूनच.

आपल्या उपासनेत हे वाचन येते, हे वाचकांना आठवत असेल. येशूच्या अतिपवित्र हृदयाच्या सणास, ‘ब’ वर्षात, होशेयचा हाच अध्याय पहिले वाचन असतो. परंतु वाचनग्रंथात पहिले वचन, मग तिसरे व चौथे आणि एकदम आठव्याचा उत्तरार्ध व नववे, अशी निवड आहे. तलवार गळली, अदमा व सबोईम गळले. हृदय पालटले एवढे ऐकू येते. कशापासून पालटले ते कळत नाही. उलट उत्पत्तीतील दुःखाचे वचन सामान्य काळातील सहाव्या आठवड्याच्या मंगळवारी, तेही एक वर्षाआड वाचले जाते. तेव्हा मंदिरात किती कुटुंबे असतात, हे आम्ही सांगावयास नको. रविवारी ऐकू येतो तो इंद्रधनुष्याचा करार, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी. वाचने आटोपशीर असावीत हे आम्हांस मान्य आहे. परंतु ह्या कात्रीचा परिणाम असा झाला आहे की, आपल्या लोकांच्या मनात दोन देव नांदतात. एक संकटसमयीचा, कोप करणारा. दुसरा तसबिरीतला, कधीच न दुखावणारा. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर, २००४ च्या त्सुनामीनंतर, २०२० च्या महामारीत पहिल्या देवाच्या नावाने किती बोलले गेले, हे आपण ऐकले आहे. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना कोणाच्या पापाचा हिशेब ऐकविणाऱ्याने उत्पत्तीचा सहावा अध्याय वाचलेला नसतो. भूकंप व रोग ह्यांना त्या कथेतला न्याय म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तेथे पापाचे नाव हिंसा आहे आणि दंड देणाराच व्याकूळ आहे. पण दुसऱ्या, नुसत्या गोड देवाचीही आम्हांस तितकीच चिंता वाटते. ज्या बाईला घरात मार खावा लागतो, ज्याची जमीन खोट्या कागदांवर लाटली गेली, त्याला ‘देव कोणावर रागावत नाही’ हे सांगणे म्हणजे त्याच्या बाजूने देवाकडेही कोणी नाही असे सांगणे आहे.

यिर्मयाकडे ही दोन टोके एका वाणीत आली आहेत. त्याच्या आठव्या अध्यायाच्या शेवटापासून नवव्याच्या प्रारंभापर्यंत एक प्रदीर्घ विलाप आहे. कापणी होऊन गेली, उन्हाळा सरला, तरी सुटका नाही, असा लोकांचा आक्रोश त्यात मधूनच ऐकू येतो. आणि डोळे आसवांचे झरे व्हावेत, म्हणजे मारल्या गेलेल्या लोकांसाठी रात्रंदिवस रडता येईल, अशी कोणाची तरी आस आहे. कोणाची? यिर्मयाची, असे बहुतेक जण म्हणतात. परंतु त्याच ओघात मूर्तींनी मला का चिडविले, असा प्रश्न येतो आणि तो संदेष्ट्याचा असू शकत नाही. पुढे नवव्याच्या दहाव्या वचनात डोंगरांसाठी आपण रडू, असे उत्तम पुरुषी एकवचनी क्रियापद हिब्रूत आहे. मागेपुढे बोलणारा परमेश्वरच आहे. ग्रीक व सुरयानी भाषांतरांनी तेथे ‘तुम्ही रडा’ असे आज्ञार्थी करून टाकले. जलप्रलयाच्या कथेत घडले होते तेच पुन्हा घडले. आणि हे रडणे न्यायाच्या जागी आलेले नाही. त्याच्या पुढच्याच वचनात यरुशलेमचे ढिगारे करण्याची घोषणा आहे. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास ते झालेही. एकतिसाव्या अध्यायात एफ्राईमची आठवण निघते, तेव्हा यिर्मया देवाच्या तोंडी ‘आतडी कळवळण्याची’ भाषा घालतो. ती वाचताना मराठी वाचकास टीपेची गरज पडत नाही. आपल्याकडेही माणसाचे आतडेच तुटते.

लूकच्या शुभवर्तमानातील एकोणिसावा अध्याय ह्या सर्वांच्या पार्श्वभूमीवर वाचावा. येशू जैतुनाच्या डोंगरावरून नगराकडे पाहतो आणि रडतो. आणि रडत रडतच नगराला वेढा पडेल, चिऱ्यावर चिरा राहणार नाही, असे सांगतो. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते केले. त्या डोंगरउतारावर अंतोनियो बार्लुझी ह्या वास्तुरचनाकाराने बांधलेले, १९५५ साली पूर्ण झालेले एक लहान मंदिर आहे. त्याचा घुमट अश्रूच्या आकाराचा आहे. तेथे वेदीमागे भिंत बंद नाही. खिडकी आहे आणि मिस्सा चालू असताना तिच्यातून मंदिराच्या टेकडीसह ते नगर दिसते.